50 बातम्यांच्या हमीवर पीआर एजन्सी निवडू नका

खानदेशातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सल्ला फिरतोय: ‘धंद्याचं नाव करायचंय तर पुण्या-मुंबईची मोठी पीआर एजन्सी धरा. 50 बातम्यांची लेखी हमी घ्या. जाहिरातीपेक्षा स्वस्त पडतं, आणि उद्या काही बालंट आलं तर तेच निस्तरतील.’ पीआर एजन्सी म्हणजे पैसे घेऊन तुमच्या धंद्याची माहिती पत्रकारांपर्यंत पोचवणारी जनसंपर्क कंपनी. जळगाव-धुळ्याचे छोटे उद्योजक हे वाचून घामाचा पैसा ओततायत, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

सगळ्यात घातक आहे ती हमी. बातमी घ्यायची की नाही हे संपादक ठरवतो, त्याच्या वतीने एजन्सी शब्द देऊच शकत नाही. हमी मिळते ती विकत घेतलेल्या जागेची. एका डाळमिल मालकांनी मला एजन्सीचा अहवाल दाखवला. आम्ही एकेक लिंक उघडत गेलो. सगळीकडे तोच मथळा, तोच फोटो, शुद्धलेखनाची तीच चूक आणि तळाशी बारीक अक्षरात ‘या मजकुराशी संपादकीय विभागाचा संबंध नाही’. त्यांची डाळ घेणारे ठोक व्यापारी यातलं एकही पोर्टल उघडत नाहीत. जाहिरात ही जाहिरात म्हणूनच ओळखू आली पाहिजे, असा वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलचा दंडक आहे. अशा मजकुरात पुराव्याशिवाय ‘देशात पहिला’ असं ठोकून दिलं आणि ती दिशाभूल करणारी जाहिरात ठरली, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार उत्पादकाला 10 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

‘स्वस्त पडतं’ हा हिशेब बातमीची जागा मोजून तिला जाहिरातीचा दर लावून काढतात. पीआरचं मोल असं ठरत नाही, हे या क्षेत्रातल्याच लोकांनी 2010 मध्ये बार्सिलोनाच्या परिषदेत मान्य केलंय. नव्या डीलरचे फोन वाढले का, एवढं विचारा.

आता ‘पुण्या-मुंबईचीच’ का? आधी ठरवा, तुम्हाला कुणाच्या नजरेत यायचंय. चटई परदेशी पाठवणाऱ्याला मुंबईतल्या व्यापारविषयक पत्रकारांच्या ओळखी खरंच कामाच्या. पाइप विकणाऱ्याचं गिऱ्हाईक मात्र चोपड्याचा, शहाद्याचा नाहीतर सीमेपलीकडचा बऱ्हाणपूरचा शेतकरी. त्याच्यापर्यंत जायला पीक आणि हंगाम कळणारा माणूस हवा, अहिराणी येत असेल तर फारच उत्तम. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, 2021 मध्ये रावेर तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन केळी दुबईला गेली. यात बातमी कुठे आहे हे रावेर-यावलचा बांध पाहिलेल्याला चटकन दिसतं. एजन्सी मोठी असो की एकट्याची, पहिल्या बैठकीत गोड बोलणारे साहेब पुढे भेटतीलच असं नाही. रोजचं काम कोण करणार, त्यालाच समोर बसवा. तुमच्या कारखान्यात अर्धा दिवस फिरून त्याने काय प्रश्न विचारले, त्यावर निवड करा. आपल्याच स्पर्धकाचं काम त्याच्याकडे आहे का, हेही स्पष्ट विचारा.

बालंटाचं बोलायचं तर, समजा सावद्याच्या केळी वेफर्सच्या पाकिटात अळी निघाल्याचा व्हिडिओ फिरला. पाकिटावरचा बॅच नंबर कुठला, त्या दिवशीचा माल कुठे कुठे गेला, तो परत मागवायचा का, ही उत्तरं मालक आणि सुपरवायझरकडेच असतात. एजन्सी निवेदन नीट लिहून देईल, पत्रकारांचे फोन घेईल. तुम्हीच माहिती दडवली तर एजन्सीही उघडी पडेल. म्हणून रात्री फोन कोण उचलणार आणि कंपनीतर्फे कोण बोलणार, हे आधीच कागदावर आणा.

करार वर्षाचा करायची घाई नको, आधी तीन महिन्यांचा करा. करार मोडायचा तर नोटीस किती दिवसांची, हे त्यात असू द्या. फेसबुक-इन्स्टाग्रामची खाती तुमच्याच मोबाइल नंबरवर उघडा आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवा. पुढे एजन्सी बदलली तरी ती खाती आणि त्यावरचे गिऱ्हाइकांचे मेसेज तुमच्याकडेच राहतात.