ब्लीच ओतलं, चमक गेली, पण विष गेलं का?

प्रॅक्टिकल जवळ आली की मुंबईतल्या एम.एस्सी.च्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. जेलमधला डीएनए चमकवून दाखवणाऱ्या एथिडियम ब्रोमाइड या रंगाचा थेंब हातावर पडला की कॅन्सर ठरलेला. उरलेल्या बफरमध्ये, म्हणजे जेल बुडवलेल्या द्रावणात, ब्लीच ओता आणि केशरी चमक गेली की बेसिनमध्ये सोडा. बाटली फ्रिजमध्येच ठेवा. त्याऐवजी नवे रंग वापरत असाल तर ग्लोव्ह्ज नकोत. यातलं काहीच जसंच्या तसं धरू नका.

आधी कॅन्सर. हा रेणू डीएनएच्या पायऱ्यांमध्ये शिरतो, यकृताच्या अर्कासोबत (तो शरीरात होणाऱ्या बदलांची नक्कल करतो) केलेल्या जिवाणूंच्या चाचणीत उत्परिवर्तन घडवतो, म्हणून काळजी हवीच. पण माणसात कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही आणि विद्युतभारामुळे तो धडधाकट त्वचेतून सहजी आत जात नाही. थेंब पडला तर भरपूर पाण्याने धुवा. खरा धोका कोरड्या पावडरीचा, कारण ती श्वासात जाते. तेव्हा तयार द्रावणच मागवा; मिलिलिटरला १० मिलिग्रॅमचं सहज मिळतं.

सगळ्यात घातक सल्ला ब्लीचचा. चमक जाते, कारण प्रकाश देणारी रचना मोडते. मोडून जे उरतं ते निरुपद्रवी आहे, असं त्यातून कळत नाही. ब्लीच केलेल्या द्रावणातले काही पदार्थ यकृताच्या अर्काविनाही जिवाणूंमध्ये उत्परिवर्तन घडवतात, असं चाचण्यांत दिसलं आहे. शिवाय डीएनएला चिकटलेला हा रंग मोकळ्या रंगाच्या सुमारे वीसपट उजळ दिसतो. म्हणजे यूव्ही दिव्याखाली अंधूक दिसणारा ओटा स्वच्छ असेलच असं नाही. बफर रंग शोषून घेणाऱ्या सक्रिय कोळशातून गाळा. तो कोळसा, जेल आणि ग्लोव्ह्ज वेगळ्या, लेबल लावलेल्या डब्यात जमा करा. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सोय तळोज्याला आहे. तुमच्या कॉलेजचा डबा तिथपर्यंत पोचतो का, हे विभागप्रमुखांना विचाराच. आपल्या बेसिनचं पाणी शेवटी खाडीत नाहीतर समुद्रातच जातं.

फ्रिजची गरज नाही. खोलीच्या तापमानाला, अंधारात, गडद बाटलीत द्रावण नीट टिकतं.

नव्या रंगांचं म्हणाल, तर त्यांतले बरेच डीएमएसओ या द्रावकात विरघळवलेले येतात, आणि डीएमएसओ त्वचेतून झटकन आत शिरतं. त्यामुळे नायट्राइलचे ग्लोव्ह्ज तिथे जास्तच हवेत. आणि रंग कोणताही असो, ३०२ नॅनोमीटरच्या यूव्ही दिव्यावर जेल पाहताना चेहरा शील्डने झाका. त्या किरणांनी डोळे आणि कातडी भाजते.