फांदी तोडली तर झाड त्यांचं, फांदी पडली तर देवाचं

सार्वजनिक झाडाच्या मालकीइतकी लवचिक मालकी दुसऱ्या कशाचीच नसेल. रस्त्याकडेच्या झाडाची एक वाळकी फांदी स्वतःच्या हाताने तोडून बघा. लगेच कुणीतरी दारात हजर. झाड सार्वजनिक आहे, परवानगी कुठाय, दंड भरा. तीच फांदी आपणहून तुटून तुमच्या गाडीवर पडू दे, की त्या झाडाला कुणी वालीच उरत नाही.

माझ्या गाडीवर पडली. टप सीटपर्यंत आत गेला, पुढच्या काचेचा चुरा झाला. वादळ नाही, पाऊस नाही, भर दुपारी पानसुद्धा हलत नव्हतं. अग्निशमन दलाची माणसं आली, करवत चालवली, रस्ता मोकळा करून गेली. त्यांना माझा नमस्कार, या सगळ्या प्रकारात काम केलं ते फक्त त्यांनी. त्यानंतर मी अर्ज घेऊन झाडांच्या खात्यात गेलो आणि पहिलंच वाक्य ऐकलं, "नैसर्गिक आपत्ती आहे हो, त्याला आम्ही काय करणार?" दुसरं त्याहून भारी: "पण तुम्ही गाडी झाडाखाली का लावली होती?"

कुठे लावू? रस्ता तुमचा, पार्किंगचे पट्टे तुम्हीच आखलेले, त्या पट्ट्यांवर झाडही तुमचंच. आखलेल्या जागेत गाडी लावली हा माझा गुन्हा?

आणि कसली डोंबलाची नैसर्गिक आपत्ती! त्या फांदीला कित्येक महिने पान नव्हतं. बुंध्याला तळाशी ताटल्यांसारखी बुरशी आली होती. अशी बुरशी दिसली की बहुतेक वेळा आतलं लाकूड कुजलेलं असतं, हे झाडांचं काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. वाळलेली फांदी, ढोली, अचानक कललेला बुंधा, कलाच्या उलट बाजूला जमिनीला पडलेली भेग, ही लक्षणं बघायला यंत्र लागत नाही. वर बघायची तसदी घ्यावी लागते. बहुतेक झाडं आधी काही ना काही सांगतात. कुणी ऐकायला फिरकत नाही, आणि ते पडलं की सगळ्यांना निसर्ग आठवतो.

त्या निसर्गाचं यांनी काय करून ठेवलंय तेही बघा. फुटपाथ करताना बुंध्याला खेटून काँक्रीट ओतायचं. झाडाची बरीचशी मुळं वरच्या दोन-तीन फुटांतच पसरलेली असतात, आणि केबल, पाणी, गटार या सगळ्यांचे चर नेमके तेवढ्याच खोलीवर खणले जातात. कंत्राटदार मनगटाएवढी मुळं कापतो, वर माती लोटतो, पेव्हर बसवतो आणि बिल लावतो. झाड लगेच पडत नाही. काही वर्षांनी पडतं, तोवर कंत्राटदार कोण होता हे कुणाच्या लक्षातही नसतं. वीजवाले तारांच्या बाजूच्या सगळ्या फांद्या सपासप उडवतात आणि पूर्ण भार दुसऱ्या बाजूला टाकतात. शेंडे छाटले की त्या जागी झुपकेच्या झुपके नवे फुटवे येतात, ते मूळ लाकडात रुजलेले नसतात, वरवर चिकटलेले असतात, आणि जाड झाले की तेच तुटतात. खणणारे वेगळे, छाटणारे वेगळे, काँक्रीट ओतणारे वेगळे. पडल्यावर प्रत्येक जण दुसऱ्याच्या टेबलाकडे बोट दाखवतो.

कायदा इतकाही आंधळा नाही, याचाच जास्त संताप येतो. दिल्लीत १९६४ साली रस्त्यावरच्या झाडाची फांदी डोक्यात पडून स्कूटरवरून जाणारा एक माणूस गेला. झाडांची तपासणी करणं, धोकादायक झाड काढणं हे महापालिकेचं काम होतं, ते केलं नाही म्हणून ती जबाबदार, यावर सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केलं. कधी? १९९९ साली. पस्तीस वर्षांनी! लंडनमध्ये रस्त्याकडेच्या एका झाडाच्या मुळांनी इमारतीला भेगा पाडल्या. रहिवाशांनी कळवूनही तिथल्या पालिकेने झाड काढलं नाही. तो खटला थेट हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला आणि २००१ साली निकाल लागला, की धोका कळला होता, टाळायची संधी होती, तरी काही केलं नाही, तेव्हा दुरुस्तीचा खर्च पालिकेने द्यायचा. म्हणजे प्रश्न एवढाच असतो: धोका माहीत होता का, किंवा माहीत असायला हवा होता का?

आता कळलं ना, ऑनलाइन तक्रार दोन दिवसांत "निकाली" का निघते? कुणी येत नाही, कुणी बघत नाही, पण कागदावर धोका मिटलेला असतो. म्हणून सांगतो, फोनवर बोलू नका, ॲपवर विसंबू नका. लेखी अर्ज द्या, झाडाचे तारीखवार फोटो जोडा, आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका. एका शेजाऱ्यांनी तीच पोच पुढे ठेवली, तेव्हा समोरचा माणूस पहिल्यांदा खुर्चीत सरळ बसला.

विम्याचं थोडक्यात. नुसता थर्ड पार्टी असेल तर विसरा, तो दुसऱ्याच्या नुकसानीसाठी असतो. सर्वसमावेशक असेल तर मिळतात पैसे, पण सुरुवातीची ठरावीक रक्कम तुमच्याच खिशातून जाते आणि पुढच्या वर्षीचा नो क्लेम बोनसही उडतो. म्हणजे झाड सांभाळलं नाही त्यांनी, आणि बिनअपघात गाडी चालवल्याची सवलत गेली माझी.

मुळांच्या बाबतीत एक गोष्ट खात्याच्या बाजूने बोलतो, नाइलाज आहे. मुळं सहसा धडधाकट पाइप फोडत नाहीत, आधीच पाझरणाऱ्या सांध्यातून आत शिरतात. पण कंपाउंडची भिंत? बुंधा जाड होत होत भिंतीला टेकतो, भिंत झुकते, फुटते, आणि नोटीस कुणाला येते? भिंतीच्या मालकाला! धोकादायक बांधकाम तातडीने उतरवा म्हणून. भिंतीचा धोका दिसतो, तिला ढकलणारा बुंधा दिसत नाही.

मला झाडं तोडायची नाहीत. हे लिहिलं नाही तर लगेच कुणीतरी सावली आणि ऑक्सिजन शिकवायला येईल. उलट, झाडांचा खरा घात ही टोलवाटोलवी करते. रीतसर अर्ज करणारा हेलपाटे घालतो, नुकसान सोसतो आणि वर दोन शब्द ऐकतो. त्याच्या शेजारचा हुशार माणूस रात्री बुंध्याला भोक पाडून ॲसिड ओततो, आणि वर्षभरात चांगलं निरोगी झाड उभ्या उभ्या वाळतं. त्याला कुणी काही विचारत नाही. भरपाईची खात्री असती तर निम्म्या लोकांना झाडाची भीतीच वाटली नसती.

आणि कळस ऐका. माझ्या टपावर पडलेल्या फांदीचे तुकडे रस्त्याकडेला रचून ठेवले होते. मी म्हटलं, निदान हे तरी घेऊन जातो. तर त्याच टेबलावरून, त्याच माणसाने सांगितलं, "हात लावू नका, ते लाकूड खात्याच्या मालकीचं आहे, त्याचा लिलाव होतो."