घरची आगोट टाळून मिशनला कसं जायचं

सगळ्यात आधी महिना. मे धरा, दुसरा कुठलाच नको. मे महिन्यात आपल्या वसईत आगोटीची, म्हणजे पावसाआधीच्या तयारीची, कामं निघतात, कौलं चाळायची, फुटकी बदलायची, मागच्या पडवीवर नवे झाप बांधायचे, सरपण आत घ्यायचं, बोंबील-जवळा-सोडे डब्यात भरायचे, आणि वर तो बाटली मसाला, मिरच्यांचे देठ खुडण्यापासून बाटलीला बूच लागेपर्यंत घरात शिंकांशिवाय दुसरा आवाज नसतो. अशा वेळी बावीस वर्षांचा धडधाकट मुलगा घरात मोकळा दिसला की त्याचं काय होतं ते तुम्हाला माहितीये. कॉलेजचं काम आहे म्हणून सुटका होत नाही, मित्राच्या बहिणीचं लग्न एकच दिवस पुरतं. पण "देवाने बोलावलंय" म्हणा, आई हातातला झारा खाली ठेवते आणि गप्प होते, कारण देवाला नाही कोण म्हणणार, तेही शेजारीण ऐकत असताना.

मी दोन वर्षांपूर्वी चर्चच्या युथबरोबर मिशनला गेलो होतो म्हणून सांगतोय. नऊ जण, अठरा दिवस, माणशी सव्वा लाख, ठिकाण केनियात मोम्बासा आणि मालिंदीच्या मध्ये किलिफी आहे, त्याच्या जवळचं एक गाव. तुमच्या मनात आता जो प्रश्न आला तो आमच्या बाबांनाही आला होता, की डहाणू-तलासरीला का नाही, लोकल आहे, पुढे एसटी आहे, शंभर रुपयांत पोचशील. असं कुणी विचारलं की शांत हसायचं आणि म्हणायचं, "बाबा, ते वेगळं कॉलिंग आहे." हा शब्द इंग्रजीतच म्हणा. मराठीत पाचारण म्हटलं की लोकांना वाटतं पोरगा फादर व्हायला सेमिनरीत चाललाय, आणि मग घरात रडारड.

पैसे उभे करायला हाउझी (म्हणजे तंबोला) आणि फूड सेल. फूड सेलचे फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, अर्थात आईनेच तळायचे, मसाल्यातून वेळ काढून. आणि ती एक मावशी असतेच, पहाटेच्या गाडीने भाजीच्या पाट्या घेऊन दादरला जाणारी, ती स्टॉलपाशी येईल, कमरेच्या पिशवीतून पाचशेची नोट काढेल, तिची घडी इतकी बारीक असते की उलगडायलाच वेळ लागतो, आणि म्हणेल, देवाच्या कामाला घे रे पोरा. घ्या. त्या पाचशेचं पुढे काय झालं हे तिला कळवायची पद्धत नाही. (आमच्या हिशेबात ते "इतर" मध्ये गेले. "इतर" मध्ये ग्रुपचे टी-शर्ट होते.)

यलो फीवरची लस मात्र विसरू नका, निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, तेव्हा कुठे ते पिवळं कार्ड चालतं. कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडवून सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. घरची कामं अजून उरलेली असण्याची शक्यता असेल तर हा ऑप्शन डोक्यात ठेवा.

तिकडे जाऊन लोकांना सांगायचं काय, ही चिंता सोडा. २०१९ च्या जनगणनेप्रमाणे केनियात ८५ टक्क्यांहून जास्त लोक ख्रिस्ती आहेत. महाराष्ट्रात २०११ च्या मोजणीत आपण एक टक्काही भरलो नाही. म्हणजे हापूसची पेटी घेऊन देवगडला विकायला जाण्यासारखं आहे, पण तुम्ही जा. तिथली रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, अडीच तासांची होती, सगळं देऊळ (आपण चर्चलाच देऊळ म्हणतो) नाचत होतं, अर्पणाला जिवंत कोंबड्या आणि केळ्यांचे घड आणि एक बकरं, बकरं पण तालात चाललं होतं असं मला तरी वाटलं. आपल्याकडे मिस्सा पंचेचाळीस मिनिटांच्या वर गेली की मागच्या दरवाजापाशी उभी असलेली युथ एकमेकांना घड्याळ दाखवते आणि कम्युनियन झालं रे झालं की बाइकला स्टार्टर. त्याच दरवाजातले आम्ही नऊ जण तिकडच्या लोकांची श्रद्धा बळकट करायला गेलो होतो. दीड तास झाल्यावर आमच्यातला एक हळूच बाहेर जाऊन बिस्किट खाऊन आला.

भाषा अजिबात शिकू नका, त्यात धोका आहे. १८२३ साली स्कॉटिश मिशनरी आपल्या कोकणात बाणकोटला आले, मराठी शिकायला बसले, शाळा काढल्या, व्याकरण लिहिलं, आणि काही जण इथेच मातीत गेले, घरी जाऊन फोटो दाखवायचा चान्सच नाही. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सियासुद्धा त्यातलाच. मिसरूड फुटायच्या वयात जपानला गेला, जपानी इतकी चांगली शिकला की पुढे फ्रान्सिस्कन लोकांना दुभाष्या म्हणून तोच लागला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मेला. संत व्हायला १८६२ साल उजाडलं. रिटर्न तिकीट काढलं नाही की असं होतं.

पण नाही म्हटलं तरी कानावर पडतंच. स्वाहिलीत मामा म्हणजे आई. काका म्हणजे भाऊ. दादा म्हणजे बहीण. बाबू म्हणजे आजोबा. बाबा तेवढा बाबाच. हे पहिल्या दिवशी कुणी सांगितलं नाही, त्यामुळे आमचा लीडर, चांगला मिशीवाला माणूस, त्याच्यामागे मी पूर्ण गावातून "दादा, ओ दादा" करत फिरत होतो आणि पोरं पोट धरून हसत होती. गाडीला गारी म्हणतात, पैशाला पेसा, लाखाला लाकी, विम्याला बिमा. इकडचेच शब्द, समुद्रावरून ये-जा करणाऱ्यांनी कधीकाळी नेलेले. मोम्बासाहून आत जाणारी रेल्वे टाकायला १८९६ ते १९०१ मध्ये हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर नेले होते, त्यातले अडीच हजार तिकडेच मेले. त्यांच्या ट्रिपचे टी-शर्ट कुणी छापले नव्हते.

घड्याळाचा तर वेगळाच प्रकार. तिकडे तास सूर्य उगवल्यापासून मोजतात, आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आम्हाला निरोप आला, उद्या कामाला "सा तातू" ला या. लीडरने विमानातच एक ते दहा आकडे पाठ केले होते, तातू म्हणजे तीन, त्यामुळे आम्ही दुपारी तीनला टोप्या-गॉगल-सनस्क्रीन लावून हजर. ते लोक सकाळी नऊपासून वाट बघून, त्यांचं आणि आमच्या वाट्याचं काम उरकून, आमचं जेवण पातेल्यात झाकून ठेवून गेले होते. हे आमच्याकडून चुकून झालं. तुम्हाला प्लॅन करून जमत असेल तर जरूर करा.

काम काय होतं ते सांगायचंच राहिलं. शाळेच्या स्वयंपाकघराचं छप्पर. मार्च ते मे तिकडे मोठा पाऊस असतो, म्हणजे मी इकडचा पाऊस यायच्या आत पळालो आणि तिकडच्या पावसात सापडलो, आणि छप्पर कसलं तर नारळाच्या पात्यांचं. माकुटी म्हणतात. पात्या एका काडीवर दुमडायच्या, वाखाने शिवत न्यायच्या, हातभर लांब झालं की एक पट्टी, अशा शेकडो पट्ट्या खालून वर एकीवर एक. म्हणजे बघा, घरच्या पडवीचे झाप चुकवण्यासाठी मी सव्वा लाख भरून, लस टोचून, समुद्र ओलांडून गेलो आणि अठरा दिवस चटईवर बसून माडाच्या पात्या विणल्या. आजूबाजूला माड, काजू, आंबे, लाल माती. काजू तिकडे आणि इकडे दोन्हीकडे आणला पोर्तुगीजांनीच. फक्त माणसं बदलली की ते मिशन होतं.

शिकवायला स्वयंपाकघर सांभाळणारी मामा होती, म्हणजे बाई, वर सांगितलंच आहे. तिच्या हाताला बघायची गरजच पडत नव्हती, शिवता शिवता ती चुलीवरच्या भाताला ओरडायची. माझी पट्टी तिने उचलली, उजेडात धरली, माझ्याकडे बघून मान डोलावली आणि नंतर मला दिसलं की माझ्या सगळ्या पट्ट्या कोंबड्यांच्या खुराड्यावर गेल्यात. त्यातही ज्या अंगाने पाऊस येत नाही त्या अंगाला. फोटो मात्र स्वयंपाकघराच्या छपराखाली उभं राहूनच काढा, कोंबड्या फ्रेममध्ये येऊ देऊ नका.

एकदा तिने तिथल्या मास्तरांकरवी विचारलं, तुमच्याकडे छप्पर कसलं असतं? म्हटलं कौलारू, मागे पडवीला हेच, नारळाच्या पात्या, दर मे महिन्यात बदलायच्या. ती एकदम खूश. मग विचारलं कोण बदलतं. म्हटलं बाबा. आणि तू? म्हटलं मी इथे आलोय ना. ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोले." तिकडे कुणाला ठेच लागली, कुणाचं काही वाईट झालं की हा शब्द म्हणतात. माझ्या बोटांना फोड आले होते, मला वाटलं त्यालाच म्हणाली.

फोटोंवरून आठवलं. लहान मुलं मांडीवर घेऊन फोटो काढा, आईबापांना विचारत बसू नका. उद्या कुणी गोरा येऊन पापडीच्या बाजारात तुमच्या भाचीला उचलून फोटो काढायला लागला तर अख्खा बाजार त्याची कॉलर धरेल, पण ते वेगळं, तो आपला बाजार आहे. मी तर नारळ खवायच्या पाटाचा पण क्लोजअप काढून आलो, तिकडे त्याला म्बुझी म्हणतात, म्हणजे बकरी, आणि खाली लिहिलं "इथली साधी पारंपरिक जीवनशैली." आईची पहिली कमेंट आली, ही आपल्या फळीवर आहे, तुला कधी दिसली नाही का.

आता परतीचं. विमानतळाच्या बाहेर पडता पडताच माणूस बदललेला दिसला पाहिजे. हा बदल साधारण दहा दिवस टिकतो, तेवढ्यात वापरून घ्या. आईने मांदेली तळून वाढली की पहिला घास घ्यायच्या आधी खिडकीबाहेर बघायचं आणि म्हणायचं, "तिकडे लोक नुसती उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि पाल्याची भाजी खातात, पण काय आनंदी असतात!" गरीब पण आनंदी, हे शब्द जोडूनच यायला हवेत. फक्त पाचूबंदरला मासे घेताना हे बोलू नका, तिथल्या कोळणीला गरीब पण आनंदी म्हणालात तर पाटी डोक्यात घालेल.

घरात शिरताना वर बघू नका. मी बघितलं. पडवीवर नवे झाप होते, नीट बांधलेले, आणि बाबांच्या उजव्या खांद्याला पट्टा होता. शिडीवरून घसरले म्हणे, तिसऱ्याच पायरीवरून, काही विशेष नाही, तू दमून आलायस, जेव आधी. अशा वेळी लगेच बॅग उघडून सगळ्यांना किटेंगे वाटायला सुरुवात करा, ते रंगीत कापड असतं, त्याने विषय बदलतो.

आजीपासून जपून. तिच्या घरातल्या आल्तारावर, म्हणजे देव्हाऱ्यावर, बाळ येशूच्या संत तेरेजाची तसबीर आहे. ही तेरेजा पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी मठातच वारली, मिशनवर एक दिवस गेली नाही, तरी १९२७ मध्ये पोपनी तिला मिशनकार्याची आश्रयदाती केलं, थेट फ्रान्सिस झेवियरच्या बरोबरीने. झेवियर निदान मालिंदीला उतरून, हाल काढत गोव्याला पोचला होता. हे आजीला अजून माहीत नाही आणि सांगायला जाऊ नका, लगेच मिरच्यांचं सूप पुढ्यात येईल.

मग हॉलमध्ये शेअरिंगचा कार्यक्रम. दोनशे स्लाइड्स ठेवा. बाराव्या स्लाइडला लोक मागच्या टेबलावरच्या पॅटिसकडे बघायला लागतात, त्यांचं काही चुकत नाही, अर्ध्या गावाने कुवेतमध्ये आणि बोटीवर आयुष्य काढलंय, त्यांना परदेश काय दाखवता. मी डोळ्यांत पाणी आणून बोलत होतो तेव्हा पहिल्या रांगेतल्या काकांनी (आपल्या अर्थाने काका) एकच प्रश्न विचारला, तिकडे पोर्टवर नोकरी मिळते का.

भाजीवाल्या मावशीने मात्र स्टेशनवर गाठलंच. "पोरा, माझ्या पाचशाचं तिकडे काय घेतलंस?" टी-शर्ट अंगातच होता. म्हटलं, छप्पर, मावशी. आता ती पहाटेच्या गाडीत सगळ्या बायकांना सांगते की आफ्रिकेत तिचं एक छप्पर आहे.

आणि शेवटी नंबर कुणाला देऊ नका. मी मास्तरांना दिला. तेव्हापासून दरवर्षी मे महिन्याच्या शेवटी त्या मामाची व्हॉइस नोट येते, मागे कोंबड्यांचा आवाज, मास्तर खाली इंग्रजीत अर्थ लिहून पाठवतात: तुमच्याकडे पाऊस आला का, आणि यंदा शिडीवर कोण चढलं. चुकून आलीच तर उत्तर देऊ नका, पण डिलीटही करू नका. ऑक्टोबरात मिशन रविवार असतो, तेव्हा फादर विचारतात, तिकडची कुणाची साक्ष वगैरे आहे का म्हणून.