कडब्याचा आकाशकंदील

परवा दिवाळीच्या सामानासाठी सोलापुरात मधला मारुतीच्या बाजारात गेले होते. एका दुकानात प्लास्टिकच्या झेंडूच्या माळा छतापासून खाली जमिनीपर्यंत लोंबत होत्या. तिथून दहा पावलांवर एक मावशी खऱ्या झेंडूचा ढीग लावून बसल्या होत्या. गर्दी सगळी माळांच्या दुकानात. शेजारच्या ताई म्हणाल्या, "दरवर्षी वापरता येतात की ओ." खरं आहे, येतात. पण दोन-तीन दिवाळ्यांत रंग उडतो, धूळ बसते, आणि मग त्या माळा घंटागाडीत जातात. मावशींचा न खपलेला झेंडूही दुसऱ्या दिवशी कचऱ्यातच गेला असेल. घरी येईपर्यंत मला तेच टोचत राहिलं.

नैसर्गिक सजावट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कोकण येतं. केळीचे खांब, नारळाच्या झावळ्या, सुपारीचे घोस. सोलापुरात ते सगळं विकत आणावं लागतं आणि सणाला दर विचारायची सोय नसते. म्हणून आपण समजूत करून घेतली की आपल्या कोरड्या मुलखात सजावटीजोगं काही पिकतच नाही. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे कडबा आहे, म्हणजे कणसं काढल्यावर उरलेली ज्वारीची वाळकी धाटं, ताटं.

माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, ज्वारीच्या कोठारातलं. लहानपणी आम्ही धाटाच्या बैलगाड्या करायचो. धाटाची साल नखाने सोलली की चिवट, चकचकीत काड्या निघतात. आत राहतं ते भेंड: पांढरं, हलकं, बोटाने दाबलं तर दबणारं, ब्लेडने हवं तसं कापलं जाणारं. भेंडात काडी खुपसली की सांधा तयार. डिंक नको, खिळा नको. महाराष्ट्रात २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आली तेव्हा "आता मखर कशाचं करायचं?" म्हणून किती चर्चा झाली! मला तेव्हा आमच्या गंजीतलं भेंड आठवत होतं. थर्माकोलची जवळपास सगळी कामं ते करतं, आणि ते आपल्याच शिवारात उगवतं. त्यातून आपली मालदांडी ज्वारी उंच वाढणारी. तिची ३५-१ ही जात आपल्या मोहोळच्या ज्वारी संशोधन केंद्रावरच निवडलेली. एका धाटात हातभर लांबीच्या कितीतरी काड्या मिळतात.

आकाशकंदील असा करते. पेंडीतली जाड, सरळ धाटं निवडायची, पाचट काढून टाकायचं आणि रात्रभर ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची. कोरडं धाट सोललं तर साल मध्येच तडकते. सकाळी सोलताना घाई नको, सालीची कड पात्यासारखी लागते. लहान मुलांना भेंड कापायला द्यावं, सोलायचं काम मोठ्यांनी करावं. भेंडाचे आठ चौकोनी तुकडे म्हणजे आठ कोपरे, आणि सारख्या लांबीच्या बारा काड्या. प्रत्येक कोपऱ्यात तीन काड्या गेल्या की सांगाडा उभा राहतो. तो दोन दिवस उन्हात कडक वाळू द्यायचा. माझ्या पहिल्या महालक्ष्म्यांच्या मखराला तिसऱ्या दिवशी बुरशी आली होती, कारण भादव्याच्या दमट हवेत मी ते ओलंच उभं केलं. भेंड पाणी धरून ठेवतं, हे तेव्हा कळलं.

वरून जुन्या सुती पातळाचा झिरझिरीत भाग ताणून लावायचा. रंगासाठी हळदीचं पाणी. त्याच हळदीत चुन्याची निवळी टाकली की डोळ्यांदेखत पिवळ्याचं लाल होतं. माझी भाची तर दहा वेळा तेवढंच करत बसली होती. झिरमिळ्यांसाठी शहराच्या पूर्व भागातल्या ओळखीच्या टॉवेल कारखान्यातून टॉवेलच्या कडेचं कातरलेलं सूत आणते. पिशवीभर सूत, तेही चहाच्या बदल्यात. आत पणती मात्र कधीच ठेवू नका, वाळलेला कडबा क्षणात पेटतो. छोटा एलईडी दिवा लावा आणि त्याचं वजन काड्यांवर न टाकता तो वरून स्वतंत्र टांगा.

दारासाठी आंब्याची पानं आहेतच. त्यात तरवड ओवून बघा. पावसाळ्यानंतर आपल्या माळावर, रस्त्यांच्या कडेला तो पिवळाधमक फुललेला असतो, आणि जनावरं खात नाहीत म्हणून कुणी त्याच्याकडे बघत नाही. आजी दिवाळीच्या पाडव्याला शेणाचे पांडव करायची तेव्हा त्यांच्या डोक्यावर तरवडाचीच फुलं खोवायची. ओरबाडून फांद्या तोडू नका, तुरे तेवढे खुडा.

खर्चाचं म्हणाल तर कडब्याची एक पेंडी आणि दिवा. बाकी सगळं घरातलं.

मला मनापासून राग येतो तो एकाच गोष्टीचा. "कडब्याचं? पाहुणे काय म्हणतील?" हे वाक्य मी आमच्या घरातही ऐकलंय. ज्या ज्वारीची भाकरी आपण पाहुण्याला कौतुकाने वाढतो, जिच्या कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करून येळवसेला (वेळ अमावस्येला) शेतात पूजा मांडतो, ती दिवाळीत दारात आली की कमीपणा कसा काय येतो? गेल्या वर्षी माझ्या कंदिलाखाली थांबून एका दूधवाल्या काकांनी विचारलं, "पोरी, हे मालदांडीचं हाय का?" त्यांनी हात वर करून काडी चाचपली आणि म्हणाले, "आमीबी करायचो." मग बराच वेळ ते तिथेच उभे होते.

सण झाल्यावर बिनरंगाच्या काड्या त्यांच्याच म्हशीपुढे गेल्या.

यंदा पेंडी आणून गच्चीवर ठेवली आहे. शनिवारी रात्री धाटं भिजवणार आहे. जुळे सोलापुरात आसपास राहणाऱ्यांनी रविवारी सकाळी मुलांना घेऊन या. येताना जुनं सुती कापड आणा, रंगीत असलं तरी चालेल.