लिचेटची विल्हेवाट: नव्या अधिकाऱ्यांसाठी काही सूचना

आपल्या ताब्यात नुकताच एखादा कचरा डेपो आला असेल आणि ढिगाऱ्याच्या पायथ्याशी साचणाऱ्या काळ्या पाण्याचे, म्हणजे लिचेटचे, काय करावे अशा विवंचनेत आपण असाल, तर निर्धास्त असावे. नाशिकजवळच्या अशाच एका डेपोच्या उताराला माझी विहीर आहे. पहिल्या मोठ्या पावसानंतर तिचे पाणी कोऱ्या चहासारखे झाले आणि बादलीत फेस धरू लागला, तेव्हापासून या शास्त्राचा अभ्यास मला घरबसल्या घडला आहे.

तळाला अस्तर घालण्याच्या भानगडीत पडू नये. २०१६ च्या घनकचरा नियमांत ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचा एचडीपीईचा, म्हणजे चिवट प्लॅस्टिकचा, कागद सांगितला होता खरा. पण खाली साक्षात काळा पाषाण असताना प्लॅस्टिकची काय मातब्बरी? त्या पाषाणाला भेगा असतात आणि आमच्या विहिरींना पाणी त्याच भेगांतून येते, हा विषय मात्र चारचौघांत काढू नये.

पावसाळ्यापूर्वी ढिगावर मातीचा थर किंवा ताडपत्री घालू नये, म्हणजे सारा पाऊस कचऱ्यात मुरून लिचेटला तोटा राहणार नाही.

प्रक्रिया प्रकल्प अवश्य उभारावा, फीत कापावी, फक्त तो चालवू नये. ताज्या कचऱ्याच्या लिचेटमध्ये जिवाणूंना खाण्याजोगे पुष्कळ असते, तेव्हा हवा देणारे पंप चालू ठेवले तर बरेच काम स्वस्तात होऊन जाईल. त्यापेक्षा ढीग जुना होऊ द्यावा. मग खाण्याजोगे संपते, अमोनिया मागे राहतो आणि आरओची मोठी निविदा काढता येते. आरओमधून उरलेले खारे पाणी परत ढिगावरच सोडावे, म्हणजे ते अधिक जहाल होऊन भेटीस येईल.

नमुना घेण्याची कला मात्र सविस्तर सांगितली पाहिजे. माझ्याकडे आलेल्या गृहस्थांनी शीतपेयाची रिकामी बाटली न विसळताच विहिरीच्या पाण्याने भरली, दुचाकीच्या डिकीत टाकली आणि वाटेत दोन कामे आहेत असे सांगून भर उन्हात प्रस्थान ठेवले. वास्तविक नमुना ४ अंशांच्या आसपास थंड ठेवून तातडीने पोहोचवायचा असतो. प्रयोगशाळेत तो २७ अंशांवर ३ दिवस ठेवून जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला हे मोजतात, तोच बीओडी. इथे जिवाणूंचे जेवण डिकीतच सुरू झाले, त्यामुळे आकडा उतरला तर उत्तम. आणि बाटलीतल्या साखरेने तो चढलाच, तर दोष शीतपेयाचा! अमोनिया आणि क्षार तर कोणी तपासलेच नाहीत. पुढे निरोप आला, "पाणी ठीक आहे, उकळून प्या."

उकळून काय प्या? उकळल्याने जंतू मरतात. क्षार, नायट्रेट आणि जड धातू उडून जात नाहीत, पाणी आटले की उलट दाट होतात, हे शाळकरी पोरालाही कळते. त्याच २०१६ च्या नियमांनी नदीनाल्यात सोडायच्या लिचेटचा बीओडी लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या आत आणि सीओडी, म्हणजे जिवाणूंऐवजी रसायनाने मोजलेली प्राणवायूची गरज, २५० च्या आत ठेवायला सांगितले होते. कच्च्या लिचेटमध्ये हेच आकडे हजारांत असतात. नियम तुमच्या टेबलावर आहे, पगार तुम्हाला आहे, आणि पाणी आम्ही उकळायचे? लाज वाटली पाहिजे. ढीग झाका, पंप सुरू करा, वरच्या आणि खालच्या अंगाच्या विहिरींचे नमुने बर्फाच्या पेटीतून न्या, अहवाल सहीशिक्क्यासह लेखी द्या. तोवर वस्तीवर रोज पिण्याच्या पाण्याचा टँकर पाठवा, आणि त्याचे बिल आम्हाला पाठवू नका.