‘चोवीस तास थांबा’ असं कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही

नाशिकच्या गंगापूर रोडला मेस चालवते त्याला चौदा वर्षं झाली. सुरगाणा, कळवण, निफाड, सिन्नरहून शिकायला आलेली पोरं रूम करून राहतात आणि माझ्याकडे जेवतात. त्यामुळे कॉलेजच्या पोराला पळवून नेऊन मारलं, अशी बातमी आली की मला ती पुढे वाचवत नाही. रोज समोर जेवायला बसणारी तोंडंच दिसायला लागतात.

२०१३ च्या जूनमधलं आपल्या नाशिकचं प्रकरण जुन्या लोकांना आठवत असेल. कॉलेजात शिकणारा मुलगा, खंडणीसाठी अपहरण आणि शेवटी मृतदेह. विशेष मोक्का (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) न्यायालयाने दोघांना फाशी सुनावली ती डिसेंबर २०२२ मध्ये. साडेनऊ वर्षं! अशा वेळी आपण सगळे शिक्षेवर बोलतो, चौकात लटकवा म्हणतो. मला मात्र पहिल्या रात्रीबद्दल बोलायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडचा एक पोरगा रात्री जेवायला आला नाही. न येण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. बाहेर जेवणार असला तर फोन यायचा, ‘मावशी, आज माझं धरू नका.’ सकाळीही मोबाईल बंद. वडील पहिली एसटी पकडून सीबीएस बसस्थानकावर उतरले आणि आम्ही पोलीस ठाण्यात गेलो. पहिला प्रश्न, ‘काही लफडं होतं का?’ दुसरा, ‘घरी भांडला होता का?’ मग, ‘एकोणीसचा आहे ना? सज्ञान आहे. चोवीस तास बघा, येईल.’ रूममेट म्हणाला, तो ओझरला मित्राकडे निघाला होता. त्यावर उत्तर आलं, मग ते ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत, तिकडे जा. त्याचे वडील टोपी हातात धरून नुसते ‘हो साहेब’ म्हणत होते. मला आजही ती टोपी आठवते.

पोरगा सापडला. हायवेला गाडी घसरली होती, मोबाईलचा चुरा झाला होता, आणि तो हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होता. पण त्याला कुणी उचलून नेलं असतं तर? ते चोवीस तास कोणाच्या कामी आले असते?

अशी अट कुठेच नाही. अठराच्या आतलं मूल हरवलं तर अपहरण धरून गुन्हा नोंदवा, हे सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्येच सांगितलं. अठरा पूर्ण झाले की मात्र नुसती ‘मिसिंग’ची नोंद. म्हणजे बारावीच्या एकाच बाकावर बसणाऱ्या दोघांपैकी एकाचा वाढदिवस होऊन गेला, एवढ्यावरून त्याच्यासाठीची धावपळ कमी. हे मला अजिबात पटत नाही. बरीच पोरं रागाने निघून जातात आणि परत येतात, पोलिसांकडे माणसं कमी आहेत, हे मान्य. पण सवय नसताना फोन बंद झाला असेल, तर त्याच रात्री लोकेशन काढा आणि रस्त्यावरच्या कॅमेऱ्यांचं फुटेज ताब्यात घ्या. काही दिवसांनी ते आपोआप पुसलं जातं, मग कुठे शोधणार?

आणि हद्दीचं. नाशिकमध्ये शहराला पोलीस आयुक्तालय आहे, ग्रामीणला पोलीस अधीक्षक, आणि आपली पोरं रोज ही हद्द ओलांडून कॉलेजला येतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी कामकाजाचा नवा कायदा) कलम १७३ प्रमाणे अपहरणासारख्या दखलपात्र गुन्ह्याची तक्रार हद्द न बघता घ्यावीच लागते. झिरो एफआयआर म्हणतात तो हाच. ठाण्यात ऐकलं नाही तर वरिष्ठांकडे लेखी पाठवता येते. रात्री-अपरात्री मदतीसाठी ११२ हा नंबर आहेच. गावाकडच्या आईबापांना हे कोण सांगतं? कॉलेजने प्रवेशाच्या दिवशी सांगायला हवं.

‘लफडं होतं का’ हा प्रश्न तर बंदच व्हायला हवा. असलं तरी काय, मग त्याला शोधायचं नाही?

माझ्या वहीत आता प्रत्येक पोराच्या नावापुढे आईचा, वडिलांचा आणि रूममेटचा नंबर असतो, गाडीचासुद्धा. रात्री दहापर्यंत ताट रिकामं राहिलं की मी फोन लावते. पोरं वैतागतात. वैतागू देत.