झोपलीयेत

ॲरिझोनात राहतो म्हटलं की प्रत्येक नातेवाइकाचा प्रश्न ठरलेला, "तिकडं नुसतं वाळवंट ना रे?" आणि गेली नऊ वर्षं माझं लेक्चरही ठरलेलं, की बाबांनो सोनोरन वाळवंट म्हणजे नुसते वाळूचे ढिगारे नव्हेत, फिनिक्सला वर्षाकाठी सातेक इंच का होईना पाऊस पडतो, आणि तो नीट पडला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरच्या डोंगर केशरी होतात, या एकदा बघायला. कुणीच येत नव्हतं म्हणून लेक्चर सुरक्षित होतं. यंदा फेब्रुवारीत आई आली.

आई साताऱ्याची. कास पठार जिच्या घरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे अशा बाईला आपण फुलं दाखवायला निघालोय, हे माझ्या आय-टेन हायवेवर गाडी घातल्यावर लक्षात आलं.

ठिकाण होतं पिकाचो पीक, फिनिक्स-टुसॉनच्या मधला एक सुळका, त्याच्या पायथ्याशी मेक्सिकन पॉपी नावाची रानफुलं फुलतात. शनिवारी आठला निघायचं होतं, थालीपिठं बांधून होईस्तोवर दहा वाजले, पण मी निवांत होतो, कारण पॉपी ऊन चढल्यावरच उमलतात हे मला माहीत होतं. ऊन नसेल तर उमलतच नाहीत हेही माहीत होतं, पण जिथं वर्षातले जवळजवळ तीनशे दिवस ऊन असतं तिथं ते कशाला कोण लक्षात ठेवतं. पोचलो तर आभाळ गच्च भरलेलं, वर वारा. अख्ख्या उतारावर हजारो पॉपी, आणि सगळ्या देवळाबाहेर मिटून ठेवलेल्या छत्र्यांसारख्या.

"फुलं कुठायत?" आईनं विचारलं.

"हीच. झोपलीयेत."

"पावणेबाराला?"

मग मी विज्ञान काढलं. की यांच्या बिया लई हुशार असतात, सालीत उगवू न देणारं द्रव्य असतं, पावसाळी शिंतोड्यानं ते धुपत नाही, शरद ऋतूत एखादा इंचभर दणकून पाऊस झाला तरच बी मनावर घेतं, नाहीतर वर्षानुवर्षं तसंच पडून राहतं, म्हणून बहर कधी येईल याचा भरवसा नसतो. आई ऐकून म्हणाली, "आमची टोपली कारवी सात वर्षांनी फुलते, पण फुलते तेव्हा उघडी असते." बायको थालीपिठाच्या डब्यात तोंड घालून हसत होती, सासू-सुनेची युती ही एरवी चांगलीच गोष्ट म्हणा.

तेवढ्यात आई वाकली. देवाला चार फुलं. मी ओरडलो, "आई, नको! हे स्टेट पार्क आहे, इथं तोडलेलं चालत नाही!" आजूबाजूच्या चार अमेरिकनांनी वळून बघितलं. आई म्हणाली, "मिटलेली तशीही देवाला चालत नाहीत," आणि हात मागं घेतला.

निदान फोटो तरी काढू म्हणून, दोघी आणि मागं सुळका असं फ्रेममध्ये बसवायला मी एक पाऊल मागं गेलो. मग अजून एक. मागं चोया होतं. लिहिताना डबल एल लिहितात पण म्हणायचं चोयाच, आणि लोक त्याला उडी मारणारं निवडुंग म्हणतात. ते उडीबिडी काही मारत नाही, त्याची पेरं इतकी सैल असतात की नुसता धक्का लागला तरी अख्खं पेर सुटून अंगाला चिकटतं, आणि काट्यांना उलटे दाते असल्यानं ओढलं की मांस धरून ठेवतं. माझ्या पोटरीला लिंबाएवढं पेर लटकलं. मी हातानं काढायला गेलो, ते हाताला आलं. दुसऱ्या हातानं काढायला गेलो, पुढचं सांगायला नको. आईनं पर्स उघडली, कंगवा काढला, माझा हात धरला आणि कंगव्याचे दात काट्यांत घालून एका झटक्यात पेर लांब उडवलं. बाजूचे एक आजोबा म्हणाले, अगदी बरोबर, आम्ही पण याच्यासाठी कंगवाच ठेवतो. "तुला कुणी शिकवलं?" मी कळवळत विचारलं. "तुझ्या बहिणीच्या केसात गोखरू अडकायचे ते काय पक्कडीनं काढत होते?"

एप्रिलमध्ये घरचा बहर सुरू झाला. माझ्या बागेबद्दल फार बोलू नये. मातीच्या खाली कलीची नावाचा चुनखडीचा थर आहे, त्यात खड्डा म्हणजे पहार आणि टणत्कार. ऑक्टोबरमध्ये रानफुलांच्या बियांचं पाकीट पेरलं होतं, ते चिमण्यांनी आणि सशांनी मिळून साजरं केलं. आलं काय, तर कचऱ्याच्या डब्यामागं आपोआप उगवलेलं ग्लोबमॅलो, शेंदरी फुलांचं, ज्याला मी तण समजत होतो आणि सोसायटीवालेही, कारण "तण काढा" असं त्यांचं पत्रही आलेलं. मी खुरपं घेऊन गेलो तर आई आधीच तिथं, हातात परडी. "हे तरी आपलंच आहे ना? का इथंपण सरकारचं?" ग्लोबमॅलोची बारीक लव डोळ्यांना खाजते, त्याचं इथलं एक नाव डोळे आणणारी पॉपी असंच आहे. आईला काही झालं नाही. माझे डोळे आले. वर पालो व्हर्डेच्या झाडाचा पिवळा सडा आणि पराग, गाडी हळदीची, नवरदेवाची वाटावी अशी, आणि मी दिवसाला चाळीस शिंका.

मे महिन्यात आई पहाटे पाचच्या फेरीवरून धावतच आली. शेजारच्या सग्वारोला फूल आलंय म्हणे. त्या निवडुंगाला पहिला हात फुटायलाच पन्नास-पाऊणशे वर्षं लागतात, आणि याचा एक हात खाली वाकलेला असल्यानं फूल अगदी डोळ्यासमोर, पांढरं, मेणासारखं, मधे पिवळ्या केसरांचा गच्च झुबका. "अरे अगदी आपल्या ब्रह्मकमळासारखं! रात्रीतनं उमललंय, चल!" आपलं ते कुंडीतलं ब्रह्मकमळ पण निवडुंगच, म्हणजे नात्यातलंच झालं की, असं मी उशीत तोंड घालून म्हणालो, नऊची मीटिंग आहे, नंतर बघतो.

मीटिंगमधनं मीटिंग निघत गेली. तीनला चप्पल घालून पळत गेलो, ऊन एकशे दोन फॅरनहाइट, आई छत्री घेऊन मागून. सग्वारोचं फूल एकच रात्र आणि दुसऱ्या दिवसाची दुपार, एवढंच उघडं असतं. वाकलेल्या हाताच्या टोकाला एक मळकट, सुरकुतलेला बोळा.

मी काही विचारायच्या आधीच आई म्हणाली, "झोपलंय."